विंडोज नाही म्हणून नेटची तक्रार बंद? कंपनीला काय विचारायचे आणि कसे विचारायचे

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या अनेक घरांत आज एकच संगणक असतो, आणि तोही जुना. मोठ्या भावाने कंपनीत लागल्यावर घेतलेला, नाहीतर ओळखीच्या दुकानातून सेकंड हँड आणलेला. त्यावरच मुलीचा दहावीचा अभ्यास होतो, मुलाचा आयटीआयचा अर्ज भरला जातो, महाडीबीटीवरचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरला जातो आणि अब्बांच्या दुकानाचा हिशेबही ठेवला जातो. या संगणकांपुढे आता एक नवी अडचण उभी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. त्यानंतर तेही बंद.

मग विंडोज ११ टाकावी, असे कोणीही म्हणेल. पण तिच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. त्यामुळे २०१८ च्या आधीचे बरेचसे लॅपटॉप चांगले चालत असूनही या यादीत बसत नाहीत. अशा वेळी घरासमोर तीन रस्ते उरतात. नवा लॅपटॉप घ्यायचा, जुन्यावर धोका पत्करून तसेच चालवायचे, किंवा त्यावर लिनक्ससारखी फुकट मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची.

तिसरा रस्ता धरणारी घरे आता दिसू लागली आहेत, आणि त्यातल्या काहींना वेगळाच अनुभव येतो. संगणक मस्त चालतो. मग एक दिवस नेट बंद पडते. कस्टमर केअरला फोन लावला की पुढचा संवाद साधारण असा होतो.

"सर, विंडोज कोणती आहे?"

"विंडोज नाही, लिनक्स आहे."

"मग सर, आमच्याकडून त्याला सपोर्ट नाही. विंडोज टाकून घ्या."

इथेच तक्रार बंद होते. लाईन खरोखर तुटली होती का, हे कोणी पाहतच नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की हे उत्तर चुकीचे आहे आणि ते मान्य करण्याची गरज नाही. का मान्य करू नये आणि त्याऐवजी काय मागावे, ते या लेखात सांगतो.

लिनक्स म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणक सुरू केल्यावर समोर येणारी आणि बाकी सगळे प्रोग्राम चालवणारी मूळ व्यवस्था. विंडोज ही त्यातली एक, मायक्रोसॉफ्टच्या मालकीची. लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. तो सगळ्यांसाठी खुला ठेवल्यामुळे जगभरातले लोक त्यात भर घालत गेले. आज उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन अशी त्याची अनेक रूपे फुकट मिळतात. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे घरात कोणी लिनक्स वापरत नाही असे वाटत असले तरी रोज सगळेच वापरतात.

हे परदेशी खूळही नाही. सी-डॅक या १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स तयार केली. ते काम चेन्नईच्या केंद्रात झाले आणि त्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. लिनक्सवर मराठी नीट दिसावी म्हणून जे 'लोहित' फॉन्ट वापरले जातात, त्यांवर रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी बरेच काम केले. उर्दू शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी नस्तालिक लिपीचा 'नोटो नस्तालिक उर्दू' हा फॉन्टही फुकट मिळतो. एकाच संगणकावर मराठी, उर्दू आणि इंग्रजी टाईप करायला वेगळा पैसा मोजावा लागत नाही.

नेट कंपनीचे काम कुठे संपते?

घरात फायबरचे कनेक्शन आले की रस्त्यावरच्या खांबावरून बारीक पांढरी किंवा काळी वायर येते. ती एका डब्यात जाते, ज्याला आपण राउटर म्हणतो. आपले युजरनेम आणि पासवर्ड त्या राउटरमध्येच भरलेले असतात. राउटर कंपनीच्या यंत्रणेशी बोलतो, नेट घेतो आणि घरातल्या फोनला, टीव्हीला, लॅपटॉपला वाटतो.

लॅपटॉपवर विंडोज आहे, लिनक्स आहे की मॅक आहे, याच्याशी कंपनीच्या यंत्रणेला काही देणेघेणे नसते. तिचा संबंध राउटरशी येतो. पाण्याची पाईपलाईन घरापर्यंत आली की नळाखाली स्टीलची बादली ठेवा नाहीतर प्लास्टिकची, पाणीखाते त्यात लक्ष घालत नाही. नेटचेही तसेच आहे, कारण इंटरनेटचे नियम सगळ्या जगासाठी एकच आहेत आणि ते कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नाहीत.

गंमत अशी की कंपनी जो राउटर घरी बसवून जाते, तशा बऱ्याच राउटरच्या आत छोटे लिनक्सच चालू असते. ज्या यंत्रावर स्वतःचा धंदा चालतो, तेच ग्राहकाच्या टेबलावर दिसले की 'सपोर्ट नाही' म्हणायचे, हे पटण्यासारखे नाही.

मग ही सवय लागली कुठून?

पूर्वी याला काही कारण होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा टेलिफोनच्या तारेवर मॉडेम लावून नेट येई. सुरुवातीचे मॉडेम आपले काम आपणच करत. नंतर स्वस्त मॉडेम आले. त्यांतले बरेचसे काम यंत्राकडून काढून विंडोजमधल्या सॉफ्टवेअरवर टाकलेले असे. त्यांना लोक 'विनमोडेम' म्हणू लागले. ते लिनक्सवर चालवायचे म्हणजे मोठी डोकेदुखी.

त्यानंतर केबलवाल्यामार्फत ब्रॉडबँड आले. सिफीसारख्या कंपन्यांचे नेट सुरू करायला त्यांचा स्वतःचा लॉगिन प्रोग्राम लागे आणि तो मुख्यतः विंडोजसाठी बनवलेला असे. लिनक्स वापरणाऱ्या मुलांनी त्याला पर्यायी छोटे प्रोग्राम स्वतः लिहिले आणि एकमेकांना फुकट वाटले.

मग यूएसबी डोंगलचा काळ आला. हॉस्टेलमधल्या आणि भाड्याच्या खोलीतल्या मुलांनी तो खूप वापरला. संगणकाला लावला की डोंगल आधी स्वतःला सीडी म्हणून दाखवी, म्हणजे विंडोजचा ड्रायव्हर आपोआप चढावा. लिनक्सवर तो सीडीच राहून जाई आणि नेट सुरू होत नसे. त्यावर 'यूएसबी मोडस्विच' नावाचा छोटा प्रोग्राम निघाला, जो डोंगलला सीडीचा मॉडेम करतो. पुढे तो बहुतेक लिनक्समध्ये आधीपासूनच येऊ लागला.

प्रत्येक वेळी अडचण कंपनीने दिलेल्या यंत्रात किंवा प्रोग्राममध्ये होती. ती सोडवली मात्र ग्राहकांनी. आता फायबर आणि राउटर आल्यावर ती अडचण जवळजवळ संपली आहे. उरली आहे ती कस्टमर केअरच्या समोरच्या कागदावरची जुनी प्रश्नावली, ज्यात पहिलेच वाक्य 'स्टार्टवर क्लिक करा' असे असते.

नुकसान कोणाचे होते?

चाकण, महाळुंगे, नाणेकरवाडी या भागांत शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाला गुरुवारची एक सुट्टी मिळते. तो दिवस मेकॅनिकची वाट पाहण्यात गेला, आणि मेकॅनिकने येऊन 'विंडोज टाका, मग फोन करा' एवढेच सांगितले, तर पुढचा आठवडाही नेटशिवाय जातो. दरम्यान अर्जाची शेवटची तारीख निघून जाते. सायबर कॅफेत फॉर्म भरायचा तर पैसे वेगळे, आणि आधार व बँकेची कागदपत्रे परक्या संगणकावर राहतात ती वेगळीच.

याहून मोठा धोका दुसराच आहे. 'विंडोज टाका' ऐकले की बरेच जण जवळच्या दुकानातून दोन-तीनशे रुपयांत चोरीची विंडोज टाकून घेतात. अशा विंडोजमध्ये आधीच काय घालून ठेवले आहे ते आपल्याला कळत नाही. त्याच संगणकावरून घरचे बँकेचे व्यवहार होतात. म्हणजे नेट कंपनीच्या एका आळशी उत्तरामुळे घर सुरक्षित जागेवरून असुरक्षित जागेवर जाते.

तिसरी गोष्ट भंगाराची. कुदळवाडी-चिखलीचे नाव भंगाराच्या धंद्यासाठी सगळीकडे माहीत आहे. तिथे काम केलेल्या माणसाला विचारा, चालू लॅपटॉप भंगारात गेला की त्याचे किती पैसे येतात. जो संगणक अजून चार-पाच वर्षे मुलांना शिकवू शकतो, तो केवळ 'सपोर्ट नाही' या शब्दांवर मोडीत काढणे आपल्या घरांना परवडणारे नाही.

फोन करण्याआधी घरीच पाच मिनिटे तपासा

कंपनीशी नीट बोलायचे तर दोष कुणाकडे आहे हे आधी आपल्याला माहीत हवे.

पहिले, राउटरचे दिवे पाहा. फायबरच्या बहुतेक डब्यांवर 'लॉस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला असेल तर बाहेरून येणाऱ्या वायरीत खोट आहे. त्याचा तुमच्या लॅपटॉपशी काहीही संबंध नाही.

दुसरे, मोबाईलचा डेटा बंद करून फोन त्याच वाय-फायला जोडा. फोनवरही नेट नसेल तर दोष राउटरचा किंवा लाईनचा. फोनवर नेट चालू आणि फक्त लॅपटॉपवर बंद असेल, तर मात्र लॅपटॉपमध्ये पाहावे लागेल.

तिसरे, शक्य असेल तर लॅपटॉप राउटरला केबलने जोडून पाहा. केबलने चालले आणि वाय-फायने नाही, तर लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डचा ड्रायव्हर तपासावा लागेल. काही कार्डांना लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर लागतो. ही जबाबदारी आपली, कंपनीची नव्हे, आणि ते मोकळेपणाने मान्य करावे.

दोष लाईनचा निघाला तर फोनवर ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय काढायचाच नाही. सरळ सांगायचे, "राउटरवर लाल दिवा आहे, मोबाईललाही नेट येत नाही, लाईन तपासायला माणूस पाठवा आणि तक्रारीचा नंबर द्या." समोरच्याने स्टार्टवर क्लिक करायला सांगितले तर हेच वाक्य पुन्हा म्हणायचे.

कनेक्शन घेण्याआधी काय विचारायचे?

एकदा वर्षभराचे पैसे भरले की आपला आवाज बारीक होतो. म्हणून प्रश्न आधीच विचारावेत, आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लेखी घ्यावे.

नेट सुरू करायला संगणकात तुमचा एखादा प्रोग्राम टाकावा लागतो का? की राउटरमध्येच सगळे होते?

लॉगिनचे पान असेल तर ते फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्हींत उघडते का?

माझे युजरनेम, पासवर्ड आणि राउटरची सेटिंग मला लिहून मिळतील का?

बिल भरायला आणि तक्रार नोंदवायला मोबाईल अ‍ॅपशिवाय साधी वेबसाईट आहे का?

संगणकावर लिनक्स असले तरी लाईनची तक्रार घेतली जाईल ना?

यातला एकही प्रश्न तांत्रिक शिक्षण मागत नाही. अम्मीसुद्धा फोनवर विचारू शकतात. शेवटच्या प्रश्नाला 'नाही' आले तर दुसरी कंपनी पाहावी. इमारतीत एकाच केबलवाल्याची वायर असेल, तर त्या केबलवाल्याला हाच प्रश्न सगळ्यांनी मिळून विचारावा.

आधीच कनेक्शन असलेल्यांनी कंपनीला एक छोटा अर्ज द्यावा. तो असा असू शकतो:

"महोदय, मी आपला ग्राहक आहे. माझ्या घरातील संगणकावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिची दुरुस्ती आपण करावी अशी माझी अपेक्षा नाही. मात्र लाईन, राउटर आणि वेग यांबाबतची तक्रार ऑपरेटिंग सिस्टिमच्या कारणाने नाकारली जाऊ नये. कृपया तशी नोंद माझ्या खात्यावर करावी, तसेच लिनक्ससाठी जोडणीची माहिती आपल्या वेबसाईटवर मराठीत द्यावी."

उत्तर आले नाही तर?

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, याचे २०१२ चे ग्राहक तक्रार निवारण नियम आहेत. त्यानुसार कंपनीकडे तक्रार केंद्र हवे आणि नोंदवलेल्या प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर मिळायला हवा. हा नंबर लिहून ठेवा, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी असते. उत्तराने समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून थेट तिकडे पत्र पाठवून वेळ घालवू नये.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवता येते. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिकॉम कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते का, यावर पूर्वी वाद होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते जाता येते असे स्पष्ट केले. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात आयोगाची फीही लागत नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. लिनक्स शिकवणे किंवा दुरुस्त करणे कंपनीवर बंधनकारक आहे, असा कायदा नाही. म्हणून तक्रारीत 'लिनक्सला सपोर्ट देत नाहीत' असे न लिहिता 'पैसे घेऊन लाईन बंद ठेवली, तपासायला माणूस पाठवला नाही' असे तारीख-वेळेसह लिहावे. पहिले वाक्य विनंती आहे, दुसरे सेवेतली कसूर. दोन्ही हव्यात, पण आपापल्या जागी.

लिनक्सने सगळेच होते का?

नाही. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये लागणारे ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्सही लिनक्ससाठी बनवलेले नाहीत. ज्या घरात मुलगा डिझाईनचे काम शिकतो किंवा हिशेबाचे काम घरून होते, तिथे विंडोज ठेवावीच लागेल. एकाच संगणकावर दोन्ही सिस्टिम ठेवता येतात, पण ते काम माहीतगार माणसाकडून आणि आधी सगळ्या फायलींची कॉपी काढूनच करावे. अभ्यास, अर्ज, व्हिडिओ क्लास, ईमेल, पत्र लिहिणे आणि साधा हिशेब एवढ्यासाठी मात्र लिनक्स पुरून उरते. मदत लागली तर पुण्यात पुणे लिनक्स युझर्स ग्रुप हा जुना गट आहे.

एकट्याने नाही, मिळून

केरळचे उदाहरण आपल्यासमोर आहे. तिथे सरकारी शाळांत आयटी अ‍ॅट स्कूल या प्रकल्पातून फुकट आणि खुल्या सॉफ्टवेअरवर संगणक शिकवायला सुरुवात झाली. आज ते काम 'काइट' ही सरकारी संस्था पाहते आणि २ लाखांहून अधिक संगणक लिनक्सवर चालतात. एवढी मुले एकच सिस्टिम वापरू लागल्यावर दुकानदार, मेकॅनिक आणि पालक सगळ्यांनाच ती ओळखीची झाली. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. म्हणजे आपण काही जगावेगळे मागत नाही.

कंपनी एका ग्राहकाचे ऐकत नाही, कारण एक ग्राहक गेल्याने तिचे काही बिघडत नाही. पण आकुर्डी, काळेवाडी, कासारवाडी किंवा चाकणमधल्या एकाच इमारतीतून दहा घरांनी वरचा अर्ज दिला, तर केबलवालासुद्धा वरच्या ऑफिसला फोन लावतो. नूतनीकरणाच्या महिन्यात दिला तर आणखी लवकर लावतो. पुढचे रिचार्ज करण्याआधी वरचे पाच प्रश्न शेजारच्या घरालाही पाठवा, आणि आलेले लेखी उत्तर जपून ठेवा.